फोटो स्टुडिओच्या काचेतले आमचे हे

मंडळी, आज भाजी आणायला गेले, तर आपल्या बाजारातल्या जुन्या फोटो स्टुडिओचं सामान टेम्पोत चढत होतं. मालक गजाभाऊ म्हणाले, "वहिनी, मुलगा इथे मोबाईलचं दुकान टाकतोय. साहेबांना आता घरी न्या."

साहेब म्हणजे आमचे हे. नव्वद सालच्या आसपास काढलेला ह्यांचा फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत होता. अंगात रुबाबदार कोट! ह्यांनी जन्मात कोट शिवला नाही, तो स्टुडिओचाच. तेव्हा निम्मं पनवेल त्या एकाच कोटात फोटो काढायचं. माझ्या नणंदेसाठी दोन स्थळांचे फोटो आले, दोघांच्या अंगात तोच कोट. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोट पसंत आहे, आतला कोणता घ्यायचा ते बघ!"

हे गेल्यापासून मी मुद्दाम त्या गल्लीतून जायचे. काचेपुढे क्षणभर थांबून "येते हं" म्हणायचे. गजाभाऊंनी ते पाहिलं असणार. उन्हाने फोटो पिवळा पडला, आजूबाजूचे सगळे फोटो बदलले, पण ह्यांना त्यांनी हलवलं नाही.

आज फोटो पदराने पुसून घरी आणला. घरात ह्यांचा जो फोटो आहे, त्याला हार आहे. काचेतल्या ह्यांना कधीच हार नव्हता. तिथे ते मला नुसते बाजारात भेटायचे.

आता फोटो टेबलावर टेकवून ठेवलाय. मुलगा मायेनेच विचारतोय, "आई, ह्यालाही हार आणू का?"

मंडळी, माझ्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?