जपानी काकूंकडची जेवणं

आमच्या ग्रुपमध्ये कुणी नुसतं ‘जपानी’ म्हटलं की पुढचा अर्धा तास गेलाच समजायचं. एकाचा किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला तिसराच आठवलेला असतो. परदेशात राहिलं की असे किस्से साठत जातात, घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे. टाकवत नाहीत. हल्ली मात्र हसणं लवकर संपतं.

ग्रुप तसा लहान. मी डब्लिनमधल्या सँट्रीला राहते, तिथल्याच एका आयटी ऑफिसात आहे. शिरीष आणि वैदेही हे जोडपं डब्लिनजवळच्या लिक्सलिपचं. शिरीष तिथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. आणि मिलिंद, मूळचा नागपूरचा, डब्लिनच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. डब्लिनच्या एका गल्लीतलं ते जुन्या पद्धतीचं जपानी रेस्टॉरंट वैदेहीनं शोधून काढलं. बूट काढून आत जायचं, चटईवर बसायचं, समोर बुटकं टेबल, बाजूला कागदी सरकती दारं. मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांचं नाव आम्हाला धड उच्चारता येईना, म्हणून आमच्यापुरत्या त्या जपानी काकू. कुणाचा वाढदिवस असो, प्रमोशन असो, नाहीतर कुणाचं नुसतंच मन लागत नसो, चला काकूंकडे.

* * *

वैदेही पक्की शाकाहारी. तिथलं आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप तिला इतकं आवडलं की दर वेळी दोन वाट्या प्यायची. म्हणायची, अगदी आमच्या आईच्या कटाच्या आमटीसारखं काहीतरी लागतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती वाटी दोन्ही हातांत धरून बसायची.

एकदा बोलता बोलता शिरीषच्या तोंडून निघून गेलं, की त्या सूपचा बेस वाळवलेल्या माशांचा असतो. वैदेहीनं वाटी खाली ठेवली. तुला कधीपासून माहीत होतं, असं तिनं विचारलं. पहिल्या दिवसापासून, तो म्हणाला, पण तू इतकी मनापासून पीत होतीस की सांगवेना.

वैदेहीनं वाटी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, “मग आज तरी कशाला सांगितलंस?”

नंतर काकू तिच्यासाठी मासे न घालता वेगळं सूप करायच्या. ती प्यायची, छान आहे म्हणायची. दुसरी वाटी मात्र कधी मागितली नाही.

* * *

शिरीषचे वडील, आप्पा, कराडहून तीन महिन्यांसाठी आले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, बोलणं मोजकं. शिरीषच्या घरी जेवण किचनमधल्या उंच स्टुलांवर. आप्पा त्या स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसायचे, दोन पोळ्या खायचे आणि पुरे म्हणायचे. वैदेहीला वाटायचं, आपल्या हातचं त्यांना आवडत नाही. शिरीषनं तर त्यांच्या सगळ्या ब्लड टेस्ट करून घेतल्या. रिपोर्ट इथल्या भाषेत ‘ग्रँड’, म्हणजे उत्तम, जेवण दोनच पोळ्या.

त्यांना काकूंकडे न्यायचं म्हणजे जुगारच होता. पण घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून नेलं. आम्ही चाळिशीतले सगळे गुडघे धरून, कण्हत-कुंथत खाली बसलो. आप्पांनी मात्र छान मांडी घातली आणि आलं ते सगळं खाल्लं. भात, भोपळ्याची भजी, टोफू, वांगं. भात तर पुन्हा मागून घेतला.

शिरीषनं विचारलं, आप्पा, हे जपानी जेवण एवढं आवडलं? आप्पा म्हणाले, “जेवण कसलं रे? बसलो. तुमच्याकडं नुसतं टेकायचं असतंय.”

शिरीषनं दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन बुटकं टेबल मागवलं. ते आलं तेव्हा आप्पा परत जाऊन आठवडा झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात ते येणार होते, त्याआधीच गेले. त्या टेबलावर आता वायफायचा राउटर आहे.

* * *

आप्पांचाच अजून एक. शिरीषची मुलगी इरा तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्लिशमध्ये. जेवायच्या आधी हात जोडून जपानीत काय म्हणतात ते काकूंनी तिला शिकवलं होतं. तिनं ते आप्पांसमोर इतकं छान म्हणून दाखवलं की आप्पा खूश झाले. त्यांनी विचारलं, आणि आपण काय म्हणतो गं जेवायच्या आधी?

इरानं बाबाकडे पाहिलं. शिरीषनं हात जोडले आणि लहानपणी आप्पांनीच पाठ करून घेतलेला श्लोक सुरू केला. पहिली ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. पुढे काही येईना. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकला.

आम्हाला वाटलं, आप्पा पूर्ण करतील. ते म्हणाले, “राहू दे. अन्न गार होतंय.”

समोर सुशी होती. ती गारच असते.

* * *

काकूंचं इंग्लिश आणि आमचं जपानी, दोन्ही कामापुरतं. एकदा निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “संडे, क्लोज्ड.” मी म्हणाले, हो हो, माहितीये, आम्ही सोमवारी येऊ. त्या हसल्या. मग कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. आम्ही पण वाकलो, पुन्हा हसलो आणि गाडीत बसलो.

महिन्याभरानं गेलो तेव्हा आत चटया नव्हत्या, दारं नव्हती, एक माणूस भिंतींना रंग देत होता. जपानी बाई कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर त्याला काही माहीत नव्हतं. रविवारी सुट्टी असते असं त्या सांगत नव्हत्या. त्या रविवारपासून रेस्टॉरंट कायमचं बंद, असं सांगत होत्या.

वैदेही गाडीत म्हणाली, “निदान त्यांचं नाव तरी नीट शिकायला हवं होतं.”

* * *

आता हा शेवटचा किस्सा, रेस्टॉरंट बंद होण्याच्या आदल्या वर्षीचा. मिलिंद समोर असला की हा कुणी काढत नाही.

मिलिंदची मैत्रीण ईफा, आयरिश, कॉर्कची, त्याच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षं दोघं बरोबर होते. मिलिंदची आई नागपूरहून येणार असं ठरल्यावर ईफा दर शनिवारी वैदेहीकडे मराठी शिकायला यायला लागली. मिलिंदला पत्ता नव्हता. त्याला चकित करायचं होतं. ‘युअर मॅन’, म्हणजे आपला मिलिंद, खुर्चीतून पडेल, म्हणायची. आईंना भेटल्यावर बोलायचं म्हणून तिनं एक वाक्य घोटून घोटून तयार केलं होतं: आई, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. वैदेहीनं तिला सांगितलंही, की आमच्यात लग्नाआधी काकू म्हणतात. ईफा म्हणाली, नाही, मी आईच म्हणणार.

काकूंकडे सगळे जमलो. ईफा मिलिंदच्या शेजारी बसली, समोर आई. चहा आला. आईंनी मिलिंदला विचारलं, ही मुलगी कोण रे?

मिलिंद चॉपस्टिक्स सरळ करत मराठीत म्हणाला, “हॉस्पिटलमधली आहे. तसं काही नाही.”

वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी तिच्याकडे. ईफानं पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. मग जेवण झालं. ती छान वागली, आईंना चॉपस्टिक्स कशा धरायच्या ते दाखवलं, त्यांना जमेना तेव्हा चमचा मागवून दिला.

निघताना तिनं आईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि सावकाश, एकही अक्षर न चुकता म्हणाली, “काकू, तुम्ही आलात, फार बरं वाटलं.”

आईंनी तिचे हात सोडले नाहीत. तसंच धरून त्या मिलिंदकडे वळल्या.

“काय रे मिलिंद, कोणत्या दवाखान्यात शिकवतात एवढं चांगलं मराठी?”