गवंड्यानं घेतलेली परीक्षा

त्या कचेरीत त्याला सगळे गवंडी म्हणत. विटेला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. चित्रकार मंडळी पडद्यावर वेबसाइटच्या पानाचं चित्र काढायची आणि तो ते चित्र कोड लिहून उभं करायचा. बावीस वर्षं हेच काम. जोडीला आणखी दोघं होते. नात्यानं कुणी नव्हते, पण एका डब्यात जेवायचे म्हणून त्यांना जुळे म्हणत.

गवंड्याची एक रीत होती. पान बांधून झालं की तो माऊस दूर सारायचा, डोळे मिटायचा आणि फोनला ते पान मोठ्यानं वाचायला लावायचा. ही रीत त्याला घरात लागली होती. त्याची थोरली बहीण तिशीतच आंधळी झालेली. तेव्हापासून ताईचं जग म्हणजे फोन वाचून दाखवेल तेवढंच. जे पान नुसत्या कानानं पार करता येत नाही, ते गवंड्याच्या लेखी कच्चं.

एके सकाळी प्रमुखबाईंनी त्याला बोलावलं. एक नवं साधन बाजारात आलं होतं. त्यात चित्रकारानं चौकटी ओढून जागेवर ठेवल्या की पान आपोआप तयार, कोड लिहायला नको. आपल्या कामात ते बसतं का, हे गवंड्यानं दोन आठवड्यांत सांगायचं होतं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. साधन परीक्षेत उतरलं तर पानं बांधणारे तिघंही नकोत, त्यात तोही आला.

"तुम्हालाच देतेय," त्या म्हणाल्या, "कारण तुम्ही खोटं लिहीत नाही."

जेवताना जुळ्यांतल्या बुटक्यानं विषय काढला. घरी दोन लेकरं होती त्याच्या.

"दादा, नापास करून टाका की त्याला. कोण बघायला येतंय?"

"मी येतोय की," गवंडी म्हणाला.

परीक्षेला त्यानं एका दवाखान्याचं काम घेतलं. रुग्णानं डॉक्टरांची वेळ ठरवायची, अशी चार पानं. पहिलं पान दुपारच्या आत उभं राहिलं, आणि देखणं राहिलं. गवंड्यानं डोळे मिटले. फोन वाचू लागला, "बटण. चित्र. बटण. बटण." कशाचं बटण, ते नाही. तारीख विचारायच्या आधीच 'धन्यवाद' आलं. गवंड्यानं डोळे उघडले आणि साधनाच्या तळाशी दडलेल्या खिडक्या उघडून कामाला लागला. एकेका बटणाला नाव दिलं, वाचायचा क्रम लावला. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की जाता जाता माणूस बोटानं सरळ करतो, तितक्या सहज. चारही पानांना त्यानं असा हात फिरवला, त्यात अकरा दिवस गेले.

मग अहवाल लिहिला. चित्रकारांना शिकायला किती दिवस, बदल किती लवकर होतो, जुनी पानं आत आणता येत नाहीत, सगळं तोलून मापून. शेवटची ओळ होती, 'डोळे मिटून चाचणी: पास.' त्यानं अहवाल दोनदा वाचला. खोटं एक अक्षर सापडलं नाही. खाली सही करताना त्याची मान ताठ होती.

साधन वर्षाच्या करारावर आलं. जुळे त्याच महिन्यात गेले. बुटक्यानं आपला कप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गवंड्याकडे न बघता जिना उतरला. चित्रकारांना साधन शिकवण्यापुरतं गवंड्याला तीन महिने ठेवून घेतलं.

दोन महिने गेले. एका रविवारी ताई खाटेवर बसून दवाखान्याची वेळ घेत होती. दवाखाना तोच, पण पानं नवी, चित्रकारांनीच साधनात केलेली. गवंडी मोरीत भांडी घासत होता. बाहेर फोन बोलू लागला, "बटण. चित्र. बटण. बटण."

त्याच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. ते अकरा दिवस त्याला लख्ख आठवले, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं.

"या साधनाची परीक्षा तूच घेतली होतीस ना?" ताईनं विचारलं.

"हो."

"मग त्यात पास कोण झालं रे?"

ओल्या हातानं त्यानं तिचा फोन घेतला आणि वेळ ठरवून दिली.

सोमवारी त्यानं बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे हातानं केलं, असं कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलं. ते काम आहे, असं कधी वाटलंच नाही."

करार मोडता येणार नव्हता. जाण्याआधी जमेल तेवढं दुरुस्त करा, एवढंच त्या म्हणाल्या.

जिन्यात उभं राहून त्यानं बुटक्याला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं.

"दादा," बुटका म्हणाला, "तेव्हा खोटं लिहिलं असतंत, तर ते खरं निघालं असतं."

फोन बंद झाला. गवंडी जागेवर येऊन बसला. साधनात तोवर एकशे बारा पानं झाली होती आणि त्याचे उरले होते एकोणीस दिवस. त्यानं माऊस दूर सारला, डोळे मिटले आणि पहिलं पान वाचायला लावलं.