अनाथ झालेलं पॅकेज

थोरली लेक घरी असतानाची गोष्ट. शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम लिनक्स नावाच्या मोफत संगणक-प्रणालीवर कुणालाही फुकट वापरता यावेत, म्हणून ती जगभरच्या माणसांची मोट बांधायची. त्या प्रोग्रॅमच्या गाठोड्याला ती पॅकेज म्हणे.

एकदा म्हणाली, "आई, आज एक अनाथ झालं गं."

मी हातातलं काम टाकलं. "कुणाचं लेकरू?"

"लेकरू नाही गं, पॅकेज! भूकंप मोजायचं. ते सांभाळणारे एक आजोबा वारले. शुक्रवारपर्यंत कुणी घेतलं नाही, तर यादीतून काढून टाकतील."

"मग तूच घे."

"माझ्याकडे आधीच एकोणीस आहेत!"

"एकोणीस पोसतेस, त्यात विसावं काय जड?"

ती हसली. संगणकावर त्या पॅकेजपुढचं आजोबांचं नाव न खोडता त्याखाली तिनं आपलं लिहिलं. ओठ मिटून एकेक अक्षर दाबणारी ती मला अजून दिसते.