ओठांपुढचा कापूस

तिवशाच्या रस्त्यावर कापसाच्या गाडीतून उडालेला पुंजका आज ओढणीला चिकटला आणि भातकुलीची शाळा आठवली.

इंग्रजीच्या बाईंनी माझ्या ओठांपुढे कापसाची चिमूट धरली होती. "पेन म्हन. इंग्रजीतल्या 'प'सोबत तोंडातून वारा निंगते, त्यानं कापूस उडाला पायजे."

मी म्हटलं. कापूस हललाही नाही. तेव्हा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही जात नसे.

"काहून भेतं वं? ओठ घट्ट मिट, मंग वारा सोड."

"पेन."

कापूस उडून बाईंच्या केसांत जाऊन बसला. अख्खा वर्ग बघत राहिला.

पुढे इंग्रजी उच्चार पुष्कळ शिकले. पण आपल्या तोंडातला शब्द काहीतरी हलवू शकतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आज ओढणीवरचा पुंजका ओठांपुढे धरला आणि हळूच म्हटलं, "पेन."

अजून उडतो.