बीटाचा रंग

माझ्या दादाला सगळे घण म्हणायचे. ट्रकचा घट्ट बसलेला टायर रिंगपासून सोडवायला इतरांना दोन माणसं लागत, दादा एकटाच घणाचे घाव घालून तो मोकळा करायचा. दिवसभर टायरच्या दुकानात राबायचं आणि संध्याकाळी बॉक्सिंगच्या हॉलवर जाऊन लोकांची नाकं फोडायची, हा त्याचा दिनक्रम. घरात झुरळ दिसलं की मात्र हा मर्द खुर्चीवर चढायचा आणि चप्पल घेऊन मला धावावं लागायचं.

हॉलचा मास्तर तिथेच मागच्या खोलीत एकटा राहायचा. अर्धवट ज्ञान आणि त्याचा भलताच तोरा. प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एक डबा होता. अंग भरायला प्रोटीन, ताकदीला क्रिएटिन, थकवा जायला बीटाची पावडर. बीट प्यायलं की लघवी लाल व्हायची आणि हॉलवरचे घोडे एकमेकांना सांगून खिदळायचे.

डब्यांवर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण व्यायाम संपला की मास्तर सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा आणि रबरी नळीने मांड्या झोडपायचा. दुखरा स्नायू ठोकला की मोकळा होतो, हे त्याचं शास्त्र. जो ओरडेल त्याला दुप्पट. ती नळी दादानेच हौसेने दुकानातून नेऊन दिली होती.

सामना तोंडावर आला तशी दादाची कसरत वाढली. खांद्यावर वजन घेऊन बैठका, पुन्हा बैठका, आणि वर नळी. एका सकाळी तो जिना बसत बसत उतरला. मांड्या फुगून टणक झाल्या होत्या. संडासात पाणी ओतायला तो विसरला, म्हणून मला दिसलं. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती.

मी तशीच हॉलवर गेले. दादा मला अडवायला लंगडत मागे आला.

"याच्या लघवीचा रंग बरा नाही," मी मास्तरला म्हटलं. "मी याला डॉक्टरकडे नेतेय."

"अगं, बीट आहे ते. उलट आज चार फटके जास्त देतो, बघ कसा पळायला लागतो."

सगळे हसले. दादाही हसला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांदेखत मास्तरने त्याला मारलं. कातडी फुटली, रक्त पोटरीवर ओघळलं. मी नळी धरायला गेले तर दादानेच मला ढकलून दिलं.

"घरी जा. माझी इज्जत घालवू नकोस."

त्याच दुपारी दुकानात घण उचलताना तो कोसळला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अति कसरत आणि मार, दोन्हींनी स्नायू फुटलेत. त्यातलं विष रक्तात उतरलंय, मूत्रपिंडं बंद पडताहेत. तो काय काय घेतो, असं त्यांनी विचारलं. मी डब्यांची नावं सांगितली. बीट म्हटल्यावर दादा पुटपुटला, "ते मी कधी प्यायलोच नाही. वासानेच मळमळतं. रोज बेसिनमध्ये ओततो. मास्तरला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

म्हणजे तो रंग बीटाचा नाही हे एकट्या त्याला माहीत होतं. आणि तरी हा गाढव हसला होता. त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. रक्त शुद्ध करायचं मशीन लावायची तयारी चालू होती, तेवढ्यात त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून बरगड्या मोडल्या. तो परत आला नाही.

दादाला पोचवून आम्ही घरी आलो, तर मास्तर दारात उभा. बेसिनची गोष्ट मी त्याला तिथेच सांगितली. तो आत येऊन फरशीवर बसला, पँट मांडीपर्यंत वर सरकवली आणि पिशवीतून नळी काढून माझ्या हातात दिली.

मी मारलं. दातओठ खाऊन मारलं. तो हूं की चूं करत नव्हता, त्यामुळे मला आणखीच चेव चढला. मांडी फुटली, रक्त भिंतीवर उडालं, तरी माझा हात थांबेना. आई आतल्या खोलीतून आली. मला वाटलं, आता नळी ती मागणार. तिने माझं मनगट धरलं.

"पुरे," ती म्हणाली. "याच्या घरी लघवीचा रंग बघणारं कुणी नाही."