घोड्याचं नाणं

चिंचेच्या कोळाचा वास आला की मला ब्राह्मणपुरीच्या आमच्या घराच्या ओसरीवर चिंचेनं जुनी नाणी घासत बसलेले माझे वडील दिसतात. नांगरताना, नदीकाठी सापडलेली नाणी आबा वर्षानुवर्षं जमवत आले होते, आणि त्यातलं घोड्याच्या छापाचं चांदीचं नाणं ते कुणाच्या हाती देत नसत. एका वर्षी आमची विहीर ढासळली, तेव्हा ती बांधून घ्यायला त्यांनी सगळी नाणी सोनाराला विकली. पुढच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर खापर गावच्या बाजाराला गेले, तर मिरच्या विकणाऱ्या एका बाईच्या तान्ह्या मुलीच्या गळ्यात तेच नाणं लोंबत होतं. घोड्याच्या पोटातूनच भोक पाडून काळा दोरा ओवला होता. आबा इतके टक लावून बघत राहिले की ती बाई घाबरली. "तुन्हं शे का, भाऊ?" तुझं आहे का, असं विचारत ती दोऱ्याची गाठ सोडू लागली. "नई वं माय, मन्हं नई शे," आबा घाईनं म्हणाले, "पोरले शोभी ऱ्हायनं, ऱ्हाऊ दे." परतताना गाडीत मी विचारलं, "आबा, ते आपलंच व्हतं ना?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "व्हतं." मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाहून म्हातारी झाले, तरी तो आवाज कानातून जात नाही.