कांडी बदलेपर्यंत

“अन् ती तिसरी कशाला हाय गं? ती तर कायच बोलत न्हाय.”

“असंल की कुणाची तरी पाव्हणी. आली असंल संगं.”

पडद्यापलीकडे दोघी हसल्या. अलीकडे मी गुडघ्यांवर बसून माइकच्या वायरची गाठ सोडवत होते. मंगल कार्यालयात बचत गटांचा मेळावा होता. आमचं पहिलं गाणं झालं होतं आणि दुसऱ्याच्या आधी सत्कार चालू होते, म्हणून आम्ही स्टेजच्या मागे येऊन थांबलो होतो. त्या दोघी पुढच्याच रांगेतल्या असाव्यात. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. मला राग आला नाही, कारण हा प्रश्न मलाही पडायचा.

आमच्या तिघींच्या ग्रुपमधल्या उरलेल्या दोघींपैकी थोरली सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातली. तिला आम्ही अक्का म्हणायचो. दुसरी रिक्षावाल्याची मुलगी, घरी दखनी बोलणारी. ती बाजी. आणि मी मॅडम. मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या फ्लॅटमधून आणि इंग्रजी शाळेतून आले होते आणि कॉलेजच्या पहिल्याच दिवशी कॅन्टीनवाल्याला ‘एक्सक्यूज मी’ म्हणाले होते. ते त्या दोघींनी ऐकलं होतं.

अक्काचं लग्न ठरलं होतं, सुरतला. म्हणजे मंगल कार्यालयातला तो कार्यक्रम आम्हा तिघींचा शेवटचा होता.

मी त्यांच्यात आले ती लॅपटॉपमुळे. त्या दोघी कॉलेजच्या सायकल स्टँडमागे रॅप करायच्या. एक बोलायची, दुसरी स्कूटरच्या सीटवर ठेका धरायची. मुलं जमायची, हसायची, “भांडण चाललंय काय गं?” विचारायची. गाणं रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा बाजी म्हणाली, “लॅपटॉप किसके पास है?” अक्का म्हणाली, “मॅडमकडं असंल की.” मी थोड्या अंतरावर डबा खात बसले होते. मी होकाराची मान हलवली. माझी निवड अशी झाली.

अक्काच्या घरी खालच्या खोलीत एक यंत्रमाग होता आणि त्यावर तिची आई टॉवेल विणायची. माग चालू असला की त्या खोलीत कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्या घरात सगळे एरवीही ओरडूनच बोलत. मी काही बोलले की आई कानामागे हात न्यायची. एकदा तिने अक्काला विचारलं, “ही पोरगी मुकी आहे काय?” माझ्यासमोरच विचारलं, आणि मग माझ्या ताटात आणखी भात वाढला.

आमचा पहिला ठेका म्हणजे त्या मागाचा आवाज. मी मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून तो रेकॉर्ड केला. घरी आणून हेडफोनवर ऐकला तेव्हा मध्येच एका ठिकाणी माग थांबलेला सापडला. कांडीवरचा दोरा संपला होता. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसवायची दोऱ्याची छोटी नळी. ती रिकामी झाली की माग थांबतो, नवी घातली की पुन्हा सुरू होतो. त्या शांततेत अक्काची आई तेलुगूत काहीतरी पुटपुटते, धोट्यावर हात आपटल्याचा आवाज येतो आणि मग माग पुन्हा सुरू होतो. मी तो तुकडा काढून टाकणार होते.

“काढू नको,” अक्का म्हणाली. “हितं तू बोलायचं.”

“मी काय बोलू?”

“तुझं असंल की काहीतरी. का काहीच न्हाय?”

मी हसले. तेवढंच जमलं.

प्रयत्न केला नाही असं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहायचे. इंग्रजीत म्हटलं की शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं व्हायचं. मराठीत म्हटलं की निबंधासारखं. अक्काकडे तिची आई होती, माग होता, रस्त्यावर मिळवलेली भाषा होती. बाजीकडे रिक्षा स्टँडवरच्या शिव्या आणि आजीच्या दखनी गोष्टी होत्या. मी अभ्यास केला होता. एकदा धीर करून त्यांच्यासारखं ‘लई’ आणि ‘हाय’ लावून चार ओळी म्हणून दाखवल्या. बाजी हसत हसत जमिनीवर बसली. “नक्को गे मॅडम, सीरियल की सासू लगती तू!” मग ती उठून माझ्या गळ्यातही पडली, पण त्या ओळी मी पुन्हा कधी म्हटल्या नाहीत.

त्यानंतर माझं काम ठरून गेलं. त्यांच्या ओळीचा शेवटचा शब्द मी त्यांच्याबरोबर म्हणायचा, म्हणजे त्यांना श्वास घ्यायला जागा मिळते. कीर्तनात मागे उभं राहून झील धरतात, तसं. माझा आवाज ऐकू आला नाही तर काम चांगलं झालं असं समजायचं. कार्यक्रमात कांडीची ती जागा आली की अक्का मान वळवून माझ्याकडे बघायची. मी खाली बघायचे. माग सुरू व्हायचा आणि बाजी पुढची ओळ उचलायची.

लोकांना ती शांतता फार आवडायची. व्हिडिओखाली लिहायचे, काय पॉज घेतलाय! एका मुलाखतीत विचारलंसुद्धा की ही कल्पना कुणाची. अक्का म्हणाली, “मॅडमची.” मी पुन्हा हसले.

आम्हाला सगळीकडे एकाच शब्दात बोलवायचे. सोलापूरच्या पहिल्या. पहिल्या महिला रॅपर, पहिला मुलींचा ग्रुप. कॉलेजच्या गॅदरिंगला, नवरात्राच्या मंडळात, श्रीपूरला कारखान्यावर. श्रीपूरला ऊसतोडीच्या बायका ट्रॉलीवर उभ्या राहून ऐकत होत्या आणि बाजीने त्यांना ओळ म्हणायला लावली तेव्हा त्यांनी आमच्यापेक्षा मोठ्याने म्हटली. तिथून परतताना वाटलं होतं, आता आणखी मुली येतील. कुणी आलं नाही. शाल, नारळ, ‘आमच्या पहिल्या’, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आम्हीच पहिल्या.

पुण्यात मोठा कार्यक्रम मिळाला. तिथल्या साउंडवाल्या मुलाने आमचा ट्रॅक आधी मागवून घेतला आणि सद्हेतूने दुरुस्त केला. मागाचा ठेका अगदी समान नसतो. व्होल्टेज उतरलं की तो किंचित रेंगाळतो. आम्ही त्या रेंगाळण्यावरच बोलायला शिकलो होतो. त्याने ठेका सरळ केला आणि मधली शांतता चूक समजून कापून टाकली. स्टेजवर अक्का दुसऱ्याच ओळीला पुढे गेली, बाजी मागे राहिली आणि कांडीची जागा यायच्या ठिकाणी अक्काने सवयीने मान वळवली. ठेका चालूच होता. तिघी गोंधळून उभ्या. समोरची मुलं आधी हसली, मग त्यांनी दया म्हणून टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, “ताई, तिथे नुसता गॅप होता. काहीच नव्हतं.”

“ती जागा हिची हाय,” अक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग नम्रपणे विचारलं, “पण या तर काही बोलत नाहीत ना?”

परतीच्या एसटीत त्या दोघी पुढच्या सीटवर एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. मी मागे, शेजारी तिघींच्या बॅगा. भिगवणच्या पुढे त्या जाग्या झाल्या आणि तेलुगू आणि दखनी मिसळून कशावर तरी हसायला लागल्या. मी विचारलं, “काय झालं?” अक्का म्हणाली, “काय न्हाय गं, सांगून मजा येणार न्हाय.” ते खरंही असेल. मी खिडकीची काच सरकवली, पुन्हा लावली.

घरी आईने विचारलं, “कसा झाला?” मी म्हटलं, “छान.” ती मोबाइलवर व्हिडिओ बघत होती. “तू फारशी दिसत नाहीस त्यात,” ती म्हणाली. “ते एक बरं आहे.”

अक्काच्या लग्नाची तारीख निघाल्यावर तिच्या वडिलांनी माग भंगारात विकला. आईला आता नीट ऐकू येत नव्हतं आणि तिच्या जागी कारागीर मिळत नव्हता. माग सुटा करून टेम्पोतून नेला. मी नंतर गेले तेव्हा खालची खोली मोकळी होती, फरशीवर तेलाचे काळे चौकोन होते आणि अक्काची आई तरीही ओरडूनच बोलत होती. निघताना तिने मला एक रिकामी कांडी दिली, घरात कुठेतरी घरंगळून राहिलेली. “ठेव,” म्हणाली. ती मी पर्समध्ये ठेवली. अजून आहे.

वायरची गाठ सुटली. सत्कार संपले. निवेदिकाबाई माइकवर म्हणाल्या, “आपल्या सोलापूरच्या पहिल्या...” आणि आम्ही वर गेलो. ते दुसरं गाणं मागाचंच होतं. शेवटचं म्हणून ते राखून ठेवलं होतं.

पुढच्या रांगेत एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं. त्याच असणार. माग सुरू झाला. भंगारात गेलेला तो माग स्पीकरमधून इतका स्पष्ट ऐकू येत होता की अक्काने क्षणभर डोळे मिटले. मग ती बोलायला लागली, आईबद्दल, कानांबद्दल, घरात ओरडून मारलेल्या हाकांबद्दल. मी शेवटचे शब्द धरत गेले. बाजीने तिचं कडवं घेतलं. मी तिचेही धरले.

कांडी संपली. माग थांबला.

मी अक्काच्या मानेकडे बघत होते. ती वळली नाही. एवढ्या कार्यक्रमांत पहिल्यांदा ती समोरच बघत राहिली. तिने माझी वाट बघणं सोडून दिलं होतं. रागाने नाही. सासरी जाताना जसं काहीतरी इथेच ठेवून जातात, तसं तिने ते ठेवलं होतं. स्पीकरमधून तिच्या आईचं पुटपुटणं आलं. आता धोट्यावर हात आपटला की माग सुरू होणार, बाजी पुढची ओळ घेणार, आणि गाणं संपल्यावर अक्का सुरतला जाणार. ही जागा पुन्हा येणार नव्हती.

मी माइक तोंडाजवळ नेला. माझ्याजवळ ओळ नव्हती, यमक नव्हतं. त्या दोघी बायका माझ्याकडे बघत होत्या. आवाज माझ्या स्वतःच्या घरातलाच निघाला, इंग्रजी शाळेतल्या मुलीच्या पुस्तकी मराठीतला, आणि बोलताना मी तो बदलला नाही.

“मी कुणाची पाहुणी नाही,” मी म्हणाले. “मी तिसरी आहे.”